हजार थ्रेड काउंटच्या चादरीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

तुम्ही विचारलंय की ४०० आणि १००० थ्रेड काउंटच्या (म्हणजे धाग्यांच्या संख्येच्या) चादरींच्या किमतीत एवढी तफावत आहे, तर ती झोपताना जाणवते का. जाणवते, पण उलट्या बाजूने. मी हौसेने १००० ची चादर घेतली होती. ती अंगाला जड लागायची, उकाड्यात घामाघूम करायची आणि वाळायला सगळ्यात जास्त वेळ घ्यायची.

शेवटी मी तिच्या कडेचा एक धागा उसवला आणि भिंगाखाली धरून सुईच्या टोकाने त्याचा पीळ उलगडला. एका धाग्यातून चार बारीक पदर निघाले! काउंट म्हणजे एक इंच लांबी-रुंदीच्या चौकोनातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज. इथे प्रत्येक पदर वेगळा मोजला होता. म्हणजे खरे धागे २५० च्या आसपास, आणि पाकिटावर १०००. हा प्रकार जुना आहे. पदर सुटे मोजून आकडा वाढवणं ही ग्राहकाची दिशाभूल ठरू शकते, असं अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी २००५ मध्येच लेखी कळवलं होतं. एकपदरी धागे ४००-५०० च्या पुढे बसवायला कापडात जागाच फारशी उरत नाही, त्यामुळे त्याहून मोठा आकडा दिसला की मला आधी पदरांचीच शंका येते.

पैसे घालायचेच असतील तर कापसात घाला. तंतू आखूड असले की त्यांची टोकं धाग्यातून बाहेर येतात, घासली जातात आणि चादरीवर बारीक गोळे धरतात. साधारण ३५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब तंतूंचा कापूस (पिमा, अस्सल इजिप्शियन) हा त्रास बराच कमी करतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. नुसतं 'इजिप्शियन' लिहिलेलं मात्र पुरेसं नाही, कारण त्या देशातही सगळा कापूस लांब तंतूचा नसतो. '१०० टक्के लांब तंतू' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा.

मग वीण. पर्केलमध्ये धागा एक वर, एक खाली जातो. कापड कोरं, हवेशीर आणि थोडं कडक लागतं. साटीनमध्ये धागा बहुतेक वेळा चार धाग्यांवरून जाऊन एकाखाली जातो, म्हणून ते गुळगुळीत आणि चमकदार असतं, पण जास्त उबदार आणि लवकर ओढ बसणारं. ज्यांना रात्री गरम होतं त्यांनी २०० ते ३०० ची पर्केल घ्यावी, डोळे झाकून. मी आता तीच वापरते.

दुकानात हात फिरवून लागणाऱ्या मऊपणावर मात्र जाऊ नका. तो बऱ्याचदा सिलिकॉनच्या लेपाचा असतो आणि काही धुण्यांत निघून जातो. शक्य असेल तर आधी त्याच कापडाचा एखादा उशीचा अभ्रा घ्या, चार-पाच वेळा धुवा, आणि मग त्यावर गाल टेकवून बघा.