एम.एस्सी. गणितानंतर वडोदऱ्यात राहून ‘मुलं गणित कशी शिकतात’ यावर पीएच.डी. कुठे करावी?

गणित विभागात नको, शिक्षणशास्त्रात करा. आपल्या सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्राची विद्याशाखा आहेच. शहर सोडायची तयारी असेल तर मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जरूर बघा. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) आहे आणि तिथे गणितशिक्षणात पीएच.डी. होते.

पण अर्जाआधी महिनाभर मुलांजवळ बसा. दांडिया बाजारात माझ्याकडे शिकायला येणारी दुसरीतली मुलगी ‘सत्तावीस’ ऐकून 72 लिहायची. कानावर सात आधी पडतो ना! 52 मधून 27 वजा केले की तिचं उत्तर 25 ऐवजी 35, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन काढले. हा निष्काळजीपणा नव्हे, तिचा स्वतःचा नियम आहे. तुमचा संशोधनाचा प्रश्न अशाच वहीत सापडेल.