मागची चाके वळणारी गाडी घेण्यापूर्वी

चारही चाके वळणारी जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेण्याचा आपला विचार असेल, तर प्रथम हे ध्यानात घ्यावे की या एकाच नावाखाली अगदी भिन्न यंत्रणा येतात. १९८७ च्या होंडा प्रेल्यूडमध्ये सारे काम यांत्रिक होते: पुढच्या स्टीअरिंगपासून निघालेला लांब दांडा मागची चाके वळवणाऱ्या गिअरपेटीपर्यंत जाई आणि स्टीअरिंग थोडे फिरवल्यास मागची चाके पुढच्यांच्याच दिशेने, बरेच फिरवल्यास मात्र उलट दिशेने वळत. गाडीच्या वेगाशी त्याचा संबंध नसे, आणि मला तरी ही रचना आजही सर्वांत देखणी वाटते. निसान स्कायलाइन आर३२ मधील सुपर हायकास ही यंत्रणा मात्र वेग आणि स्टीअरिंगची हालचाल पाहून, हायड्रॉलिक दाबाने मागची चाके जेमतेम एका अंशाने वळवते. वळणात शिरताना क्षणभर उलट दिशेने, म्हणजे गाडीचे नाक चटकन वळावे, आणि लगेच पुढच्यांच्या दिशेने, म्हणजे मागची बाजू सावरलेली राहावी.

जिथे सारा खेळ एका अंशाचा आहे, तिथे झिजलेल्या बॉल जॉइंटची, म्हणजे चाक वळू देणाऱ्या गोल सांध्याची, किंचित ढिलाईसुद्धा गाडीला मागून भरकटवते. नवखे मालक अशा वेळी यंत्रणेलाच दोष देऊन ती लॉक बार, म्हणजे मागची चाके सरळ जखडणारा दांडा, लावून बंद करतात. आपण आधी मागचे सांधे तपासावेत आणि चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. ड्रिफ्टिंगच, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत वळणे, करायचे असेल, तर गोष्ट वेगळी; तिथे मागची चाके स्वतःहून वळलेली कोणालाच नको असतात.