एएफएमसीची मुलाखत आणि घरातला दाढीचा वाद

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या फोनचा नूर बदलतो. मेपर्यंत ‘झोप लागत नाही’, ‘पेपरच्या आधी हात थरथरतात’ असं चालू असतं. नंतर कटऑफ, कॉलेजं, बॉण्ड. आणि त्यात न चुकता एक प्रश्न असतो: मेडिकलच्या मुलाखतीला दाढी ठेवून गेलं तर चालतं का?

आधी एक सांगून टाकते, कारण अर्ध्या पालकांची काळजी तिथेच मिटते. महाराष्ट्रात राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून) एमबीबीएसला जाताना मुलाखत नसतेच. नीटचे मार्क, कॉलेजांचा पसंतीक्रम, कागदपत्रं, संपलं. तिथे कुणी दाढी बघत नाही, नॉन क्रीमीलेअरच्या दाखल्याची तारीख बघतात. मुलाखत असते ती पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला. नीटवरून निवडलेल्या मुलांना तिथे बोलावतात. इंग्रजी आणि तर्कबुद्धीची छोटी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. नीटचे ७२० आणि त्या परीक्षेचे ८० मिळून २०० गुणांत बसवतात आणि मुलाखतीला ५० असतात. म्हणून तर घराघरांत त्या ५० गुणांवरून एवढा घोळ होतो.

ओंकारच्या घरी झाला तसा. (नाव बदललंय, गावही सांगत नाही.) सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, वडिलांचं भुसार मालाचं दुकान. पोरगा रिपीटर. दुसऱ्या वर्षी मार्क चांगले आले, एएफएमसीचं बोलावणं आलं आणि घरात पेढे वाटून होतात न होतात तोच भांडण सुरू झालं. वडिलांनी मला फोन केला तो तक्रारीच्या सुरातच. “मॅडम, मिलिटरीत दाढीवाला डॉक्टर बघितलाय का तुम्ही? आमचं पोरगं म्हणतंय, दाढी काढायला लावली तर मुलाखतीलाच जाणार न्हाई. आता ह्याला काय म्हणायचं?”

ओंकार समोर येऊन बसला तेव्हा त्याची सगळी तयारी झालेली होती. मोबाइलवर अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या मुलाखतींबद्दलचे व्हिडिओ काढून ठेवले होते. “हे बघा मॅडम, नीट ट्रिम केलेली दाढी चालते म्हणतात.” खरंच म्हणतात, आणि तिथल्यापुरतं ते बरोबरही आहे. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक मेडिकल स्कूल मुलाखत घेतं आणि ही कॉलेजं बहुतेक नागरी असतात. कडा व्यवस्थित कापलेली, मानेवर न उतरलेली दाढी तिथे कुणाला खटकत नाही. पण तो सल्ला पुण्यात वानवडीला, एएफएमसीच्या दारात, आणून उपयोगाचा नाही. एएफएमसीत तुम्ही विद्यार्थी असता आणि कॅडेटही. मुलाखतीच्या सूचनांत दाढीबद्दल काही लिहिलेलं असो वा नसो, आत गेल्यावर रोज दाढी करायची असते आणि केस बारीक ठेवायचे असतात.

मी त्याला विचारलं, “समजा नाव लागलं. हॉस्टेलमधल्या पहिल्या सकाळी काय करशील?”

तो गप्प बसला. त्याच्या डोक्यात मुलाखत हा एका दिवसाचा कार्यक्रम होता: त्या दिवसापुरती तडजोड करायची की नाही, एवढाच हिशेब. पुढच्या साडेचार वर्षांचा, इंटर्नशिपचा आणि त्यानंतरच्या नोकरीचा विचार त्यानेही केला नव्हता आणि वडिलांनीही. वडिलांना फक्त ५० मार्क दिसत होते.

बोलताना त्याचा डावा हात सारखा गालावर जात होता. आधी वाटलं, विचार करायची सवय असेल. मग लक्षात आलं, की मी त्याच्या तोंडाकडे बघितलं की हात वर येतो आणि वहीकडे बघितलं की खाली जातो. वडिलांना बाहेर चहा प्यायला पाठवलं. मग हळूहळू निघालं. अकरावीत, क्लासच्या हॉस्टेलमध्ये, चेहऱ्यावर मोठमोठ्या पुटकुळ्या आल्या, फोडल्या, खड्डे राहिले. पोरं त्याला ‘पॅचवर्क’ म्हणायची. हजेरी घेतानासुद्धा मागून आवाज यायचा. रिपीटच्या वर्षी घरी राहून अभ्यास केला, दाढी वाढली, खड्डे झाकले गेले. आरशातला माणूस पहिल्यांदा बरा दिसला. आणि आता बाप म्हणतोय, ती काढ.

माझ्याकडे येणाऱ्या दाढीच्या भांडणांत फॅशनचा भाग फार थोडा असतो, असं माझं मत आहे. कुणाचं फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला हनुवटी बारीक वाटते, कुणी वर्गात सगळ्यात लहान दिसतो. कधी श्रद्धेचा प्रश्न असतो आणि तो वेगळा बोलावा लागतो. शीख मुलांना सैन्यात केस-दाढी राखायची मुभा आहे. मात्र हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाची दाढी ठेवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली. मूळ कारण कळेपर्यंत ‘काढ’ किंवा ‘ठेव’ यातलं काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं. 

मुलींकडूनही हा प्रश्न येतो, फक्त फार हळू आवाजात. पीसीओएस (हार्मोन्स बिघडण्याचा त्रास) असलेली एक मुलगी ओठावरच्या आणि हनुवटीवरच्या केसांमुळे मुलाखत टाळायला निघाली होती. तिला सांगितलं, की समोरचे डॉक्टर आहेत, त्यांनी असे चेहरे ओपीडीत शेकड्यांनी पाहिलेत. थ्रेडिंग करायचंच असेल तर तीन-चार दिवस आधी कर, आदल्या संध्याकाळी नको, लाल चट्टे घेऊन बसावं लागेल.

ओंकारचा निर्णय मी घेतला नाही. त्याला एवढंच विचारलं, की एएफएमसी खरंच हवंय, की मार्कांत बसतंय म्हणून जायचंय? दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: हवंय. मामा सैन्यात होते, लहानपणी त्यांच्याबरोबर कमांड हॉस्पिटलात गेला होता, हे तेव्हा कळलं. हेच उत्तर मुलाखतीत द्यायचं असतं, पण घरातल्या भांडणात ते कुणाच्या कानावरच आलं नव्हतं.

मग काम सोपं झालं. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी औषध सुरू केलं आणि स्पष्ट सांगितलं, की फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतील आणि खड्डे एवढ्यात जाणार नाहीत. हे आधी ऐकलेलं बरं असतं. मुलाखतीला दहा-बारा दिवस होते. पहिल्या दिवशी फक्त ट्रिमरने बारीक केली. दोन दिवसांनी आंघोळीनंतर, केस मऊ असताना, नवीन ब्लेडने, केसांच्या दिशेने, दाब न देता काढली. उलटा वस्तरा मारायचा नाही, एकाच जागी चार वेळा फिरवायचं नाही, वर झोंबणारं आफ्टरशेव्ह नाही. महिनोन्‌महिने न केलेली दाढी मुलाखतीच्या दिवशी सकाळी लॉजच्या बाथरूममध्ये काढायला गेलं की हनुवटी कापलीच समजा. शिवाय वर्षभर झाकलेली कातडी पांढरी असते. ओंकारचं तोंड डोळ्यांखाली सावळं आणि गालापासून खाली फटफटीत झालं होतं, आरसा बघून तो स्वतःच हसला. आठवडाभर दुकानात, मंडईत उन्हात फिरल्यावर ते बरंच मिसळलं.

ते फिरणंही मुद्दाम ठरवलेलं होतं. मोकळ्या चेहऱ्याने रोज एका ओळखीच्या माणसाशी बोलायचं आणि घरी येऊन लिहायचं, समोरचा काय म्हणाला. बहुतेकांनी मार्क विचारले. एक आत्या म्हणाली, “बारीक झालास रे.” खड्ड्यांचा विषय फक्त एका जुन्या मित्राने काढला, तोही औषध कुठलं घेतोस हे विचारायला. याच्या जोडीला मुलाखतीचा सराव मोबाइलवर रेकॉर्ड केला. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये हात सारखा गालावर, शब्द हाताच्या आत अडकलेले. पॅनेलला चेहऱ्यावरचे खड्डे खटकले नसते, न ऐकू येणारं उत्तर मात्र खटकलं असतं. हात मांडीवर ठेवायचा सराव आम्ही दाढीपेक्षा जास्त केला. बाकी कापलेली नखं, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, सेंट अगदी कमी. याला पाच मिनिटं पुरली.

वडिलांना मिशीची काळजी उरली होती. मिशी चालते, नीट कापलेली हवी. २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान यांची मिशी देशभर गाजली, ती हवाई दलाच्या वर्दीतलीच होती, हे सांगितल्यावर ते खूष झाले.

मुलाखत बरी झाली. यादीत नाव आलं नाही. वडिलांचा फोन आला, “दाढी काढली तरी न्हाई लागलं ओ.” मी त्यांना २५० गुणांचं गणित परत मांडून दाखवलं. त्याचे नीटचे मार्क तिथल्या हिशेबाने काठावरचे होते आणि ती कसर एका मुलाखतीने भरून निघणं अवघड होतं. कॅप राउंडमध्ये ओंकारला सरकारी कॉलेज मिळालं. आता विचारणा अशी होती, की तिथे परत दाढी ठेवली तर? वडिलांना सांगितलं, की तो त्याचा प्रश्न आहे, त्यालाच बोलू दे. ओंकारला मात्र एक सांगितलं. वॉर्डात टीबीच्या पेशंटजवळ एन-९५ मास्क लावावा लागतो आणि मास्कची कड जिथे टेकते तिथे दाढी असली की हवा बाजूने आत शिरते. मिशी मास्कच्या आत बसते, भरघोस दाढी बसत नाही. तो म्हणाला, वॉर्डाला अजून वेळ आहे मॅडम, सध्या फक्त हनुवटीवर ठेवलीय.