वावरातलं घर अन् डोक्यावरचं ऊन

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या इमारतींवर लेख होता. मिलानचे झाडांचे टॉवर, अमेरिकेतलं धबधब्यावरचं घर, श्रीलंकेतलं डोंगराला टेकलेलं हॉटेल, असे सगळे फोटो. त्यावर पत्रं अन् व्हॉट्सॲप इतके आले की प्रत्येकाला उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून जे प्रश्न आपल्या भागात बहुतेकांच्या कामी येतील तेच घेतोय.

प्रश्न : आमचं गाव आर्वी तालुक्यात. वावरात रोडच्या कडेला घर बांधाचं हाय. पोरगा पुण्याले शिकते, त्यानं तुमच्यातलाच तो इटलीचा फोटो पाहून धरलं की गॅलरीत झाडं लावू, स्लॅबवर लॉन करू. मले पटत नाही पण नाही म्हणाचं तं कारणही सापडत नाही. काय सांगू त्याले?

काका, पोराला झाडं हवीत हे चांगलंच आहे, त्यात रागवायसारखं काही नाही. फक्त झाडं चढवायची कुठं, एवढाच वाद आहे.

फोटोतली ती बिल्डिंग म्हणजे बॉस्को वर्तिकाले, स्टेफानो बोएरी या आर्किटेक्टची, २०१४ साली पूर्ण झालेली. दोन टॉवर आहेत अन् त्यांच्या बाल्कन्यांमध्ये आठशेच्या वर झाडं. शहरात खाली जमीनच नाही म्हणून झाडं वर न्यावी लागली, मग त्या मातीचं अन् झाडांचं वजन पेलायला बाल्कन्या जाडजूड काँक्रीटच्या केल्या, पाणी पंपानं वर चढवलं, अन् छाटणी करायला माळी गच्चीवरून दोर बांधून खाली लटकतात. तिथे पाऊसही वर्षभर थोडाथोडा पडत राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झाला की संपलं, अन् मेमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी गुंड घेऊन फिरायची पाळी येते तिथं स्लॅबवरच्या लॉनला कोण पाणी घालणार? तुमच्याकडे चारी बाजूनं वावर आहे, झाडं जमिनीतच लावा की!

आता मुद्द्याचं. आपण साधारण २१ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात अन् परत जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पडत नाही. जुलैत ढग असतात म्हणून जाणवत नाही, पण मेमध्ये, पारा ४५-४६ ला असताना, घर तापते ते आधी वरून. म्हणजे तुमच्या घराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग छप्पर आहे, समोरचं एलिव्हेशन नाही, ज्यावर लोक अर्धा पैसा घालवतात. चार-पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो अन् रात्री आठ-नऊला तेच घरात ओकतो, म्हणून तर सगळं गाव उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपते. स्लॅब टाकायचाच असेल तर गवंड्याला फिलर स्लॅबबद्दल विचारा. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट नुसतं वजन म्हणून असते, तिथं मंगलोरी कवेलू दोन-दोन मिळून पालथे ठेवतात, मध्ये हवा अडकते, काँक्रीट वाचते, उष्णताही थोडी अडते. स्वस्त, साधी घरं बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात हे भरपूर केलं. पण सळईचं डिझाइन इंजिनिअरकडूनच घ्या, यात अंदाजपंचे नको. वरून पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे बसवा. अहमदाबादला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं 'संगाथ' नावाचं ऑफिस आहे, १९८० च्या आसपासचं, अर्धं जमिनीत दाबलेलं अन् वर गोल छपरांवर असेच पांढरे चिनीमातीचे तुकडे. दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा मानला जाणारा पुरस्कार, मिळाला, भारतातून पहिलाच. पोराला हा फोटो दाखवा, त्याची इज्जतही राहील.

अन् झाडं पश्चिमेला लावा. दुपारी तीन-चारनंतरचं तिरपं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येते, त्या वेळी सावली लांब पडते म्हणून झाड घराला चिकटून असायची गरजच नाही. कडुलिंब चाळीस फूट दूर असला तरी संध्याकाळी भिंतीवर सावली टाकतो. दूर लावायचं दुसरं कारणही आहे, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : सर, आमचं घर बांधून चारच वर्षं झाली, दारव्हा तालुका. दर उन्हाळ्यात भिंतींना तिरपे तडे जातात, पावसाळ्यात थोडे मिटतात, गवंडी म्हणतो सिमेंट कमी पडलं. दाराची चौकट तर पावसाळ्यात लागतच नाही. तुम्ही निसर्गाशी जुळवा म्हणता, इथं जमीनच आमच्याशी जुळत नाही!

ताई, शेवटचं वाक्य वाचून हसलो, पण तुमचं खरं आहे अन् दोष सिमेंटचा नसावा. उन्हाळ्यात उघडणारा अन् पावसाळ्यात मिटणारा तडा म्हटला की पहिला संशय काळ्या मातीवर. कापसाची आपली काळी पाण्यानं फुगते अन् उन्हानं आकसते, मेमध्ये वावरात भेगा पडतात, पाय अडकेल इतक्या, तुम्ही पाहतच असाल. तीच भेग तुमच्या पायव्याखाली पण पडते. सगळीकडे सारखी फुगली असती तर घर वर-खाली झालं असतं अन् कळलंही नसतं, पण न्हाणीचं पाणी एका कोपऱ्यात मुरते, दुसऱ्या कोपऱ्याजवळचं झाड ओल शोषून घेते, मग एक कोपरा वर, एक खाली, अन् भिंत मध्ये फाटते.

जुन्या लोकांना हे माहीत होतं. गाव वसवायचं ते पांढरीवर, पीक घ्यायचं ते काळीत. गावठाणाची ती पांढरी माती फुगत नाही, भिंतीलाही तीच चालायची. आता प्लॉट पाडले काळ्या वावरात अन् पाया मात्र गावठाणातल्या सवयीनं तीन फुटाचा. नवीन बांधणाऱ्यांनी मुरूम लागेपर्यंत खणावं, पाच-सहा फुटांत लागला तर नशीब. फारच खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटर खोल, जिथं ओल वर्षभर फारशी बदलत नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं हे काळ्या मातीसाठीच रुजवलं.

तुमचं घर उभं आहे, त्यामुळे आता एवढं करा : घराभोवती तीन-चार फूट रुंद फरशीची पट्टी, उतार बाहेरच्या बाजूला. न्हाणीचं अन् भांड्यांचं पाणी पाइपानं दूर परसबागेत सोडा, केळी-पपईला. भिंतीजवळ मोठं झाड असेल तर त्याची उंची जेवढी वाढणार तेवढं अंतर हवं, हा ढोबळ नियम. पण असलेलं मोठं झाड झटक्यात तोडू नका, तोडल्यावर तिथली ओल वाढून तो कोपरा फुगतो. आधी इंजिनिअरला दाखवा. तड्यांत सिमेंट भरणं आत्ता नकोच, पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवीन तडा जाईल.

प्रश्न : मी अमरावतीला शिकते, घर परतवाड्याकडे. निसर्गाशी एकरूप इमारत म्हणजे दिसायला एकरूप, की अजून काही? फोटो बघून तर सगळं दिसण्यावरच आहे असं वाटलं.

चांगला प्रश्न, अन् थोडा खोचक. धबधब्यावरचं ते फॉलिंगवॉटर, अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं, १९३५ ला आखलेलं. मालकाला वाटलं होतं घरातून धबधबा दिसेल, राइटनं घरच धबधब्यावर ठेवलं. शेकोटीपाशी जमिनीतला मूळ खडक तसाच फरशीतून वर आलेला आहे, ही गोष्ट मला खरोखर आवडते. पण घर गळायचं, मालक त्याला सात बादल्यांचं घर म्हणायचा, अन् पुढे आलेले काँक्रीटचे सज्जे झुकत गेले, शेवटी २००२ मध्ये आतून केबल ओढून सावरावे लागले. दिसणं शंभर टक्के, पाण्याशी जमणं जेमतेम. श्रीलंकेतलं, तिथल्याच आर्किटेक्ट जेफ्री बावाचं कंदलामा हॉटेल, १९९४ च्या सुमाराचं, मला त्याहून पटते. डोंगराच्या कडेला लांब इमारत, पण खांबांवर उचललेली, कड्यावरून येणारं पावसाचं पाणी खालून वाहून जाते, अन् बाहेरच्या सांगाड्यावर वेली चढल्या की लांबून इमारत शोधावी लागते. तिथं पाण्याचा रस्ता आधी ठरला असं म्हणायला हरकत नाही.

अन् एवढं लांब कशाला, एकदा सेवाग्रामला जाऊन ये. गांधीजी १९३६ ला तिथं आले. बापू कुटी मुळात त्यांची शिष्या मीराबेननं बांधून घेतलेली, मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. छप्पर इतकं खाली उतरवलंय की ओसरीत शिरताना मान आपोआप वाकते. ते काही नम्रता शिकवायला नाही (गाइड लोक सांगतात तसं), त्यानं भिंतीवर ना दुपारचं ऊन येत ना पावसाची झड. आत भिंतीवर मीराबेननं मातीतच उठावाची ताडाची झाडं काढली आहेत, तीही बघ, हात न लावता. बेकर तरुणपणी मुंबईत गांधीजींना भेटले होते, घर पाच मैलांतल्या सामानातून व्हावं असं तिथं ऐकलं अन् पुढं जन्मभर तेच सांगत राहिले. सध्याच्या हिशेबात पाच मैल कठीण आहे, सिमेंटची फॅक्टरी चंद्रपूरला असली तरी सगळ्यांच्या गावाला नाही ना. पण विचारायची सवय हीच : हे सामान येते कुठून, पाणी जाते कुठे, दुपारी चारला ऊन येते कोणत्या भिंतीवर. दिसण्याचं नंतर बघू.

प्रश्न : कवेलूचं घर मोडून टिन टाकावं का? दरवर्षी कवेलू फेराले माणूस भेटत नाही अन् वानरं राहू देत नाही.

भाऊ, वानरांचं कोणत्याच आर्किटेक्चरच्या पुस्तकात नाही, पण आपल्याकडे कवेलू संपवले ते वानरांनीच. उड्या मारून एका दुपारी अर्धं छप्पर फोडतात. मोडू नका मात्र. वरून टिन टाका, अन् खाली हातभर हवा खेळायला जागा ठेवून बांबूच्या ताट्यांवर मातीचा गिलावा, म्हणजे जुन्या पाटणीसारखं. नुसतं टिन म्हणजे मेमध्ये तवा. मातीची दीड फुटी भिंत असेल तर ती लाखमोलाची, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. फक्त खाली दोन फूट दगडी जोतं अन् वर दोन-अडीच फूट पुढे आलेली वळचण पाहिजे. मातीची भिंत सहसा बुडापासून जाते, उडणाऱ्या थेंबांनी.

प्रश्न : बांबूचं घर टिकते का? आमच्याकडे (सिंदेवाही) बांबू भरपूर, पण लोक म्हणतात पाच वर्षांत भुसा.

न मुरवलेला असेल तर पाच वर्षंही नाही. आतल्या पिठूळ साखरेसाठी भुंगा लागतो, जमिनीला टेकला की उदई. तीन वर्षांवरचा पक्का बांबू हिवाळ्यात तोडा, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत वाळवा, अन् दगडाच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करा, मातीत गाडू नका. आपला मानवेल जातीचा बांबू भरीव असतो, वाशांना उत्तम. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तुमच्यापासून लांब नाही, जाऊन शिका. तिथलीच बांबूची इमारत २०२१ मध्ये आगीत गेली हेही लक्षात ठेवा, चूल अन् वायरिंग बांबूपासून दूरच.

प्रश्न : ताडोबाकडच्या एका रिसॉर्टात मातीच्या रंगाची खोली होती, गवताचं छप्पर होतं, आत एसी फुल. हे निसर्गाशी जुळवलेलं म्हणायचं का?

गवत खरं होतं का प्लास्टिकचं ते हात लावून पाहायचं होतं. भिंत ठोकून पाहिली असती तर बहुतेक सिमेंटच बोललं असतं. पैसे दिलेत, फोटो काढलेत, झालं.

प्रश्न : घरकुल मंजूर झालं. २५ चौरस मीटर, पैसा मोजका. तुमचं हे सगळं आमच्यासाठी नाही, बरोबर?

चूक. पैसा लागत नाही अशा दोन गोष्टी आधी करा, ओटा घातल्यावर त्या होत नाहीत. दार-खिडक्या समोरासमोर ठेवा, अन् स्वयंपाकघर किंवा सामानाची खोली पश्चिमेला टाका म्हणजे झोपायची खोली चारच्या उन्हातून सुटते. मग पश्चिमेच्या भिंतीला बांबूचा मांडव टाकून दोडका, वाल चढवा. स्लॅबवर दर वर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या, त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळला तर पहिल्या वळवानं धुऊन जात नाही. अन् गवंड्याला सांगा की खिडकीवरचा छज्जा दीड फूट काढ, तो नऊ इंचातच भागवायला बघतो.