कात्रजच्या मेट्रोसाठी साताऱ्यातला प्लॉट विकावा का?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ५४. शाहूपुरीतला बिनशेती प्लॉट ४० लाखांना विकून, पत्नीच्या आजारपणासाठी ठेवलेले फंडातले १० लाख काढून आणि ३५ लाखांचं कर्ज घेऊन पुण्यात कात्रजला बांधकाम चालू असलेला ७५ लाखांचा टू बीएचके घ्यायचा विचार आहे. ताबा साडेतीन वर्षांनी मिळेल. मुलगी खराडीला नोकरी करते. स्वारगेट-कात्रज मेट्रो झाली की पाच वर्षांत किंमत दीडपट होईल आणि महिना २२ हजार भाडं मिळेल, असं एजंट सांगतो. टोकन अजून दिलेलं नाही. काय करावं?

उत्तर: सर, माझं मत आधीच सांगतो. प्लॉट विकू नका. टोकन अजून दिलेलं नाही हे फार बरं झालं.

एजंटचा शब्द शंभर टक्के खरा ठरेल असं धरून हिशोब करू. ७५ लाखांवर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. त्यातला एक टक्का मेट्रोचाच अधिभार आहे, गाडी कात्रजला पोहोचायच्या आधीच तो तुम्ही भरणार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, पावणेचार लाख. फ्लॅट पडला ८४ लाख ३० हजारांना. पाच वर्षांनी तो ७५ लाखांच्या दीडपटीला, म्हणजे १ कोटी १२ लाख ५० हजारांना विकला, तर वाढ वर्षाला सहा टक्क्यांच्याही किंचित खालीच राहते. शेवटच्या दीड वर्षाचं भाडं धरलं तरी साडेसहाच्या आसपास. पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसार दिले तर आकडा थोडा सुधारेल, पण विकताना दलाली आणि भांडवली नफ्यावरचा कर पुन्हा त्यातून जाईल. कर्जाचा दर मात्र साडेआठ टक्के धरायला हवा. सगळं मनासारखं घडूनही हाती एवढंच येत असेल, तर जोखीम कशासाठी घ्यायची?

आता मेट्रोचं बघू. हा मार्ग कागदावरचा नाही, हे मान्य. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. सुमारे साडेपाच किलोमीटर, पूर्ण भुयारी, खर्च २,९५४ कोटी आणि पूर्ण करायची मुदत फेब्रुवारी २०२९. पण पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि भुयारी मार्गाने गाडी स्वारगेटला पोहोचली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. भुयाराच्या कामात जमीन, जुन्या जलवाहिन्या, वाहतूक वळवणं असं बरंच काही आडवं येतं. मुदत दोन वर्षं पुढे सरकली, तर तुमचं पाच वर्षांचं गणित तिथेच मोडतं.

शिवाय मंजुरीनंतर आराखडाही बदलला. आधी तीन स्थानकं होती. बालाजीनगर आणि बिबवेवाडी अशी दोन वाढवायला आणि कात्रजचं स्थानक दक्षिणेकडे सरकवायला राज्याने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे जाहिरातीतल्या ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’वर विसंबू नका, सध्याचा नकाशा घेऊन अंतर स्वतः चालून बघा.

आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय (जागेच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकामाची परवानगी) मिळू शकतो. म्हणजे मेट्रो येईल तशा तिथल्या जुन्या इमारती पडून उंच टॉवर उभे राहतील. तुम्ही विकायला किंवा भाड्याने द्यायला निघाल, तेव्हा शेजारीच शेकडो नवे फ्लॅट रिकामे असतील. जवळच्या जागामालकाला यात फायदा होतो, फ्लॅटमालकाला होईलच असं नाही.

मुलीच्या सोयीचं म्हणाल, तर आज चालू असलेल्या मार्गांप्रमाणे कात्रजहून तिला जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून रामवाडीला उतरावं लागेल आणि तिथून पुढे खराडीला रिक्षा किंवा बस. रोज दोन्ही वेळा. त्यापेक्षा तिने ऑफिसजवळ भाड्याने राहिलेलं मला जास्त पटतं. नोकरी बदलली तर घरही बदलता येईल.

मला खरी काळजी तुमच्या निवृत्तीची वाटते. ३५ लाखांवर १५ वर्षांसाठी हप्ता साधारण साडेचौतीस हजार. पगार चार वर्षांनी थांबेल आणि उरलेली अकरा वर्षं हा हप्ता निवृत्तिवेतनातून जाईल, जे मूळ पगाराच्या निम्मं असेल. एजंटने सांगितलेलं २२ हजार भाडं मिळालं, तरी सोसायटीचा खर्च आणि वर्षातला एखादा रिकामा महिना वजा जाता हप्ता निम्माच भागतो. आणि ताबा मिळेपर्यंत तेही नाही. मॅडमच्या आजारपणासाठी म्हणून ठेवलेला फंड यात घालायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

प्लॉट विकून घर घेतल्यावर भांडवली नफ्यावर मिळणाऱ्या करसवलतीतही एक अडचण आहे. बांधून होणारं घर विक्रीपासून तीन वर्षांत पूर्ण व्हावं लागतं. तुमचा ताबा साडेतीन वर्षांवर आहे. हा मुद्दा सीएंकडून लेखी तपासून घेतल्याशिवाय प्लॉटच्या इसारपावतीवर सही करू नका.

निवृत्तीनंतर तुम्हा दोघांना खरंच पुण्यात राहायचं असेल, तर माझं उत्तर वेगळं आहे. चार वर्षं थांबा. ग्रॅच्युइटी आणि फंड हातात आला की भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट बघा. त्यावर जीएसटी नाही, आणि खरेदी फक्त मॅडमच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. तोवर स्थानकाचं दार नेमकं कुठे उघडतंय ते दिसेल. दर थोडा जास्त द्यावा लागेल, तो द्या. तेव्हा प्लॉट विकायची गरज पडली, तर पैसे लगेच तयार घरात जातील आणि तीन वर्षांच्या मुदतीचा प्रश्नही येणार नाही.

एजंट घाई करेल, दर वाढणार म्हणून चेक मागेल. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याने बिल्डरला मनाई आहे, हे त्याला सांगा. या आठवड्यात एवढंच करा: निवृत्तिवेतन नेमकं किती बसेल याचा आकडा कार्यालयातून काढून घ्या, आणि खराडीजवळ राहायला आवडेल का, हे मुलीला विचारा.