सेबुआनो भाषेतल्या 'काओन' या एकाच धातूला इंग्रजीत इतके वेगवेगळे अर्थ का?

कारण सेबुआनोत अर्थाचा अर्धा भार उपसर्ग-प्रत्यय उचलतात. फिलिपिन्सच्या सेबू, बोहोल आणि मिंदानाओच्या मोठ्या भागात ही भाषा बोलतात. 'काओन' म्हणजे खाणे. 'मोकाओन' म्हणजे खाणार, 'निकाओन' म्हणजे खाल्लं, 'नागकाओन' म्हणजे खाणं चालू आहे. 'पा' लागला की प्रयोजक होतं: 'पाकाओन', म्हणजे खाऊ घालणे. इंग्रजीत इथे 'ईट' सोडून 'फीड' हा वेगळाच शब्द घ्यावा लागतो. आपण 'जेवणे'वरून 'जेवू घालणे' करतो, तसंच हे. 'पागकाओन' म्हणजे अन्न, आणि जेवायची जागा 'कान-आनान'.

खरी गंमत 'कान-ओन'मध्ये आहे. मुळात 'काओन' अधिक 'ओन', म्हणजे 'जे खायचं ते', पण मधला स्वर गळून पडला. 'मोकाओन को ओग इस्दा' म्हणजे मी मासे खाणार, कुठलेही. 'कान-ओन नाको आंग इस्दा' म्हणजे तो ठरावीक मासा मी खाणार. इथे वाक्याचा रोख खाणाऱ्यावर नसून माशावर आहे. इंग्रजी भाषांतरात हा फरक 'द' या एका शब्दावर भागवतात, आणि शिकणारा नेमका तिथेच अडतो.

उच्चारातला आघात (जोर) बदलला की हाच 'कान-ओन' शिजवलेला भात होतो! शेतातलं 'हुमाय', तूस काढलेले 'बुगास', शिजलेला 'कान-ओन'. आपल्या साळ, तांदूळ, भात यांची आठवण होतेच. इंग्रजीत तिन्हींना 'राइस'. म्हणून शब्दकोशातले इंग्रजी अर्थ पाठ करू नका, आधी धातू आणि त्याला काय चिकटलंय ते ओळखा.