‘प्रारब्ध’ हा शब्द जपून वापर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

गाइडचा बिल्ला मिळाल्यावर महिन्याभरातच तू टिपणवही वाचायला पाठवलीस, बरं वाटलं. तारखा चोख आहेत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेची पायाभरणी १५९४, अर्पणविधी १६०५, ठीक. पण वहीच्या शेवटी लिहिलेल्या प्रसंगानं मी दोन दिवस अस्वस्थ आहे. कोल्हापूरच्या एका बाईंनी बॅसिलिकेत तुला ख्रिस्ती लोकांबद्दल विचारलं, ‘यांच्यात नशीब मानतात का हो?’ तू म्हणालीस, ‘हो, आपल्या प्रारब्धासारखंच. देवानं सगळं आधीच ठरवलेलं असतं.’ बाई मान डोलावून पुढं गेल्या, आणि तू खाली लिहिलंस: उत्तर पटलं.

पटलं असेल, पण चुकलं. रागावू नकोस. तीसेक वर्षांपूर्वी मीही तेच बोललो होतो, आणि तेही एखाद्या पर्यटकाला नाही. मी दिवाड बेटावर बिऱ्हाड करून होतो तेव्हा शेजारच्या बाईंचा मोठा मुलगा मांडवीत बुडाला. भेटायला गेलो, शब्द सुचेनात, म्हणून तोंडात बसलेलं वाक्य बाहेर पडलं: ‘नशीब, दुसरं काय!’ त्या माउलीनं डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, ‘ना सर, नशीब न्हय. देव म्हजे वांगडा रडटा.’ म्हणजे, देव माझ्याबरोबर रडतो. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण त्या दिवशी एका मराठी शब्दापायी खाली बघावं लागलं. गंमत पुढं आहे. महिन्याच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, त्याच बाई मला म्हणाल्या, ‘देवाची खुशी.’ देव रडतो, आणि ही देवाचीच खुशी. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची. तेव्हा मला तो गोंधळ वाटला. आता वाटतं, ख्रिस्ती पंडितांचा सोळाशे वर्षांचा वाद त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

आधी शब्द नीट बघ. प्रारब्ध म्हणजे माझंच जुनं कर्म, पिकून दारात आलेलं. खातं माझं, जमा माझी, खर्च माझा. आता बायबलमध्ये प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय काढ. रिबेकेच्या पोटात जुळी मुलं आहेत, याकोब आणि एसाव. अजून जन्मलेली नाहीत, बरं-वाईट काही केलेलं नाही, आणि देवाची निवड मात्र होऊन गेलेली. मागचा जन्म नाही, मागची बाकी नाही. पौल मुद्दाम सांगतो की निवड कर्मांवरून नाही, बोलावणाऱ्यावरून. पुढं लगेच कुंभार येतो: मडकं कुंभाराला विचारील का, मला असं का घडवलंस? डिचोलीचे कुंभार तू पाहिले आहेस, एकाच गोळ्यातून देवापुढची पणती आणि माशांच्या हुमणाचं बुडकुलं काढतात. म्हणजे प्रारब्धाचा जो कणा, हिशेब, तोच इथं काढून घेतलेला आहे. मग उरतो तो प्रश्न वेगळाच: कोणाचं पाऊल आधी पडतं, देवाचं की माणसाचं?

होली हिलवर तू लोकांना ऑगस्टिनचा बुरूज दाखवतेस, शेहेचाळीस मीटर उंची सांगतेस, १८४२ला छत कोसळलं तेही सांगतेस. पण तो ऑगस्टिन कोण, हे तुझ्या वहीत एका ओळीत आटपलंय. हा सगळा वाद मुळात त्याचा. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप, ३५४ ते ४३०. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्यानं शेजारच्या झाडाची नाशपाती चोरली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढं टाकली. पुढं बिशप झाल्यावरही हा प्रसंग त्याला सोडेना: मला चोरीच हवी होती, फळ नको होतं, मग ही ‘हवी’ आली कुठून? मीही भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागेतले मानकुराद आंबे चोरलेत, पण खाण्यासाठी, त्यामुळं मी संत झालो नाही. ऑगस्टिनचा निष्कर्ष असा की माणसाची इच्छा मोकळी आहे पण आजारी आहे. बऱ्याकडं वळायलाही तिला आधी देवाचा हात लागतो. ‘तू जे आज्ञापितोस ते करण्याचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर,’ अशा अर्थाची त्याची प्रार्थना आहे. ती ऐकून पेलाजियस नावाचा ब्रिटनचा साधू चिडला. म्हणाला, मग माणसानं प्रयत्न कशाला करायचे? आज्ञा दिली म्हणजे पाळण्याची शक्तीही दिलीच. ४१८मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसचं मत नाकारलं. पण त्याचा प्रश्न काही मेला नाही, तुझ्या-माझ्यासारख्या मास्तरकीच्या धंद्यातल्या लोकांना तर तोच आधी आठवतो.

मराठी माणसाला समजेल अशी आपल्याकडची तुलना हवीच असेल तर प्रारब्ध सोड आणि दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांकडं जा. तिथं मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा वाद आहे. माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आई त्याला मानगुटीला धरून नेते. त्यांच्यातले वडकलै पंथाचे लोक पहिल्या बाजूचे, तेंकलै पंथाचे दुसऱ्या. ही तुलना पुष्कळ जवळची आहे, कारण दोन्हीकडं प्रश्न कृपेचा आहे. मात्र इथंही जपून. कॅथलिक चर्चनं ट्रेंटच्या धर्मसभेत १५४७ला जे ठरवलं ते दोहोंपैकी कुठल्याच खणात बसत नाही: पिल्लू धरतं खरं, पण धरण्याची ताकद आईकडून आलेली, आणि हात सोडण्याची मोकळीक मात्र पिल्लाची. मांजराचं चित्र मनापासून आवडलं असतं ते प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनला.

कॅल्विनबद्दल गाइड लोक फार वाईट बोलतात. त्याची शिकवण कठोर आहेच: देवानं काहींना तारणासाठी, म्हणजे उद्धारासाठी, नेमलं, काहींना नाशासाठी. पण हा ठराव भयंकर आहे असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. तरी तो मांडला, कारण त्याच्या मते तारण माझ्या डळमळत्या इच्छेवर टांगलेलं असेल तर मला रात्री झोप कशी लागेल? देवाच्या हातात आहे म्हणून ते पक्कं. त्याच्याच परंपरेतला आर्मिनियस हा डच पाळक मात्र म्हणाला की कृपा आधी येते, पण माणूस ती झिडकारू शकतो. १६१८-१९च्या डोर्टच्या सभेनं आर्मिनियसवाद्यांना बाहेर काढलं. पुढं जॉन वेस्ली आणि मेथडिस्ट आर्मिनियसच्याच वाटेनं गेले.

आणि इथं तुझ्या कोल्हापूरच्या बाई आठव. कोल्हापूर-मिरज भागातली जुनी चर्चेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची; मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्याच मिशनचं. म्हणजे घराणं कॅल्विनचं. त्या बाई स्वतः ख्रिस्ती असत्या तर? ‘ख्रिस्ती लोक असं मानतात’ हे वाक्य गोव्याबाहेर पाऊल टाकताच तुझ्या अंगाशी येईल. गोव्यातही येईल. रायबंदरला ऑर्थोडॉक्स चर्च आहे, त्या पूर्वेकडच्या परंपरेनं ऑगस्टिनला कधीच एवढं डोक्यावर घेतलं नाही. ते देव-माणसाच्या सहकार्याची भाषा बोलतात.

आता जेझुइटांचं, म्हणजे बॉम जेझू बांधणाऱ्या कॅथलिक धर्मसंघाचं, सांगतो, कारण तू उभी असतेस त्यांच्याच दारात. १५८८मध्ये लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाचा ग्रंथ लिस्बनला छापला गेला. त्याचं म्हणणं: काय काय होऊ शकतं हे देव जाणतो, काय होणार आहे हेही जाणतो, आणि या दोहोंच्या मध्ये आणखी एक ज्ञान आहे, अमुक माणूस अमुक परिस्थितीत पडला तर आपण होऊन काय करील याचं. ते जाणून देव जग मांडतो. माणूस मोकळाही राहतो आणि योजनाही चुकत नाही. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघातला बान्येस आणि त्याचे लोक उसळले: म्हणजे देवानं माणसाच्या निवडीची वाट बघायची? कृपा खरी असेल तर ती स्वतःच परिणाम घडवते! वाद रोमला गेला. १५९८पासून १६०७पर्यंत, दोन पोपांच्या कारकिर्दीत, बैठका चालल्या. त्याच काळात इथं बॉम जेझूचे चिरे चढत होते, आणि फादर थॉमस स्टीफन्स आपल्या या मुलखात होता, ज्याचं ख्रिस्तपुराण १६१६ला रायतूरला छापलं. शेवटी पाचव्या पॉलनं निकाल दिला तो असा: दोन्ही मतं चालतील, एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, अंतिम निर्णय योग्य वेळी कळवू. ती योग्य वेळ अजून आलेली नाही. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या आपल्या मुंडकारांचे खटलेही इतके लांबत नाहीत.

डोंगरावरच्या सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, कपेलीपाशी उभं राहिल्यावर मांडवी दिसते, पलीकडं दिवाड, आणि मध्ये फेरीबोट. थॉमस अक्वायनस या जुन्या ख्रिस्ती पंडिताचा दृष्टान्त असाच आहे: वाटेनं चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावरच्याला सगळी वाट एकदम दिसते. देवाला काल-आज-उद्या एकाच नजरेत दिसतात. आणि दिसणं म्हणजे ढकलणं नव्हे. मी बोट पाहतो म्हणून ती दिवाडला जात नाही. मी हा दृष्टान्त वर्गात वर्षानुवर्षं वापरला. मग एका मुलानं विचारलं, ‘सर, पण तुम्ही बोट बांधली नाही आणि नदीही केली नाही. देवानं दोन्ही केलं.’ मी फळा पुसायला घेतला. दृष्टान्त जाणण्यापुरता चालतो, घडवण्याच्या प्रश्नाला तो पुरत नाही, आणि अक्वायनसला हे माझ्याआधी सातशे वर्षं ठाऊक होतं. म्हणून तो पुढं असंही म्हणतो की देव प्रत्येक वस्तूला तिच्या जातीप्रमाणं हलवतो. दगडाला दगडासारखं, आणि इच्छा असलेल्या माणसाला इच्छेच्या वाटेनं. मला हे निम्मं कळतं. तू घाई करू नकोस.

जेझुइटांचा मूळ पुरुष इग्नेशियस, त्याची साधनापुस्तिका १५४८ला मान्य झाली. तिच्या शेवटी नियम आहेत, त्यात तो सांगतो: पूर्वनियोजनाबद्दल बोलावं, पण फार सांभाळून, नाहीतर लोक म्हणतील, माझं तारण ठरलेलंच आहे, मग चांगलं वागलो काय आणि वाईट वागलो काय, आणि हातपाय गाळून बसतील. तुझ्या ‘सगळं आधीच ठरवलेलं असतं’ला हे उत्तर त्याच्याच लोकांच्या बॅसिलिकेत, त्याच्याच मित्राच्या, फ्रान्सिस झेवियरच्या, शवपेटीसमोर. वहीत लाल शाईनं लिही.

पुढच्या वेळी कोणी विचारलं तर एवढंच सांग: ‘नशीब नाही मानत. देव आधी हाक मारतो असं सगळे मानतात. ती नाकारता येते की नाही, यावर त्यांच्यात वाद आहे. हे चर्च ज्यांचं, ते म्हणतात येते.’ आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही, जो १९९२चा, हेच आहे: देवाच्या सनातन योजनेत प्रत्येकाचा मोकळा प्रतिसाद धरलेला आहे, आणि देव कुणालाही नरकासाठी नेमत नाही. कोणी आणखी खोदून विचारलं तर त्यांना सावलीत बसव आणि पाणी दे, मग याकोब-एसावची गोष्ट सांग. वेळ नसेल तर मोलिना काढू नकोस. अर्धा मोलिना हा न सांगितलेल्या मोलिनापेक्षा वाईट.

वही परत पाठवतोय. दिवाडच्या त्या बाई आता नव्वदीच्या आहेत. रविवारी दुपारच्या फेरीनं मी त्यांच्याकडं जाणार आहे, ये. ‘देवाची खुशी’ आणि ‘देव रडटा’ यांचं कसं जमवलं, हे मी त्यांना इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. त्यांच्या हातची सान्नां, ती तांदळाची वाफवलेली, खा.

तुझा,
सर